विश्लेषण : ‘पॅकिडर्मटस’ म्हणजे नेमके कोण? गेंड्याची कातडी खरेच बधिर असते का?

इंग्रजी वृत्तपत्रात हत्तींची बातमी असली, की ‘एलिफंट’ हा शब्द एक-दोनदा येऊन जातो आणि पुढे त्याच्या जागी हळूच ‘पॅकिडर्म’ येतो. कोल्हापूर, सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीतल्या हत्तींविषयी इंग्रजीत वाचणाऱ्यांच्या नजरेखालून तो गेलाही असेल. त्याचेच विशेषण म्हणजे ‘पॅकिडर्मटस’. शब्दशः अर्थ जाड कातडीचा. पण हे विशेषण माणसालाही लावतात. टीका, टोमणे, विनवण्या, अपमान यांपैकी कशाचाच ज्याच्यावर परिणाम होत नाही, तो पॅकिडर्मटस. मराठीत याच माणसाला ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतात.

वरवर पाहता हिशेब जुळला. पण थोडे खोलात गेले, की दोन गोष्टी अडतात. पहिली म्हणजे इंग्रजीत जाड कातडी हा कधी आरोप असतो, तर कधी चक्क सल्ला. मराठीत मात्र तो जवळपास नेहमीच आरोप असतो. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. ज्या प्राण्यांच्या नावाने ही उपमा चालते, त्यांची कातडी बधिर नसतेच. हा शब्द आला कुठून, त्याला मराठी पर्याय कोणते आणि तो कोणासाठी वापरावा, हे समजून घेऊ.

शब्द कसा तयार झाला?

‘पॅकिडर्मटस’ या शब्दात दोन ग्रीक शब्द आहेत. ‘पॅकिस’ म्हणजे जाड आणि ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘सी’ आणि ‘एच’ ही अक्षरे असली तरी उच्चार ‘च’ नव्हे, ‘क’ होतो. बोलताना जोर ‘डर्’वर द्यायचा.

यातला ‘डर्मा’ सर्वांच्या ओळखीचा आहे. त्वचारोगतज्ज्ञाला डर्मटॉलॉजिस्ट म्हणतात, ते यावरूनच. ‘पॅकि’ही तितका परका नाही. डोळ्यांचा चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया करण्याआधी बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची जाडी मोजतात. त्या तपासणीचे नाव पॅकिमेट्री, म्हणजे जाडीचे मोजमाप. डायनोसॉरवेड्या मुलांना ‘पॅकिसेफॅलोसॉरस’ माहीत असतो. त्याच्या कवटीचे हाड फार जाड होते, म्हणून त्याला ‘जाड डोक्याचा सरडा’ अशा अर्थाचे नाव मिळाले.

या दोन्ही ग्रीक शब्दांचे नातेवाईक मराठीतही आहेत. भाषाशास्त्रज्ञ ग्रीक ‘पॅकिस’ आणि संस्कृत ‘बहु’ हे एकाच प्राचीन मुळापासून आलेले मानतात. बहुमत, बहुगुणी, बहुधा या शब्दांतला ‘बहु’ तोच. ‘डर्मा’चे मूळ फाडणे, सोलणे या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतातला त्याचा भाऊबंद मराठीत ‘विदीर्ण’ या शब्दात दिसतो आणि डोंगर चिरत गेलेल्या ‘दरी’तही. म्हणजे ज्या मुळापासून ‘त्वचा’ हा ग्रीक शब्द निघाला, त्याच मुळापासून काळीज ‘विदीर्ण’ होण्याचा मराठी शब्दही निघाला.

हत्ती, गेंडा आणि डुक्कर एकाच गटात

अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्यॉर्ज क्युव्हिए (१७६९–१८३२) हे फ्रेंच शास्त्रज्ञ प्राण्यांचे वर्गीकरण करत होते. हत्ती, गेंडा, पाणघोडा, डुक्कर, टापिर अशा खूर किंवा नखे असलेल्या, पण रवंथ न करणाऱ्या प्राण्यांसाठी ‘पॅकिडर्मटा’ असा एक गण मानला गेला. जाड कातडीवाल्यांचा गण.

पुढच्या संशोधनात हा गट टिकला नाही. गेंडा हा घोड्याचा आणि टापिरचा नातलग निघाला. पाणघोड्याचे जिवंत प्राण्यांतले सर्वांत जवळचे नाते देवमाशांशी असल्याचे दिसले. हत्तीचे नाते तर समुद्रात गवत खाऊन राहणाऱ्या समुद्रगाईशी निघाले. दिसायला सारखे, पण कुळे वेगळी. त्यामुळे प्राणिशास्त्राने ‘पॅकिडर्मटा’ हा गण मोडीत काढला. भाषेने मात्र तो शब्द सोडला नाही. वर्गीकरणातून बाद झालेले हे नाव टोमणा म्हणून टिकले.

गेंड्याला चिलखत कोणी चढवले?

गेंड्याची कातडी म्हणजे अभेद्य चिलखत, ही कल्पना युरोपात रुजवण्यात एका चित्राचा मोठा वाटा आहे आणि त्या चित्राची गोष्ट गोव्यातून जाते.

गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्याकडून एक एकशिंगी गेंडा भेटीदाखल पोर्तुगिजांकडे आला. गोव्यातला पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो दि आल्बुकर्क याने तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेले जहाज २० मे १५१५ रोजी लिस्बनला पोहोचले. युरोपाने कित्येक शतकांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. बघ्यांची झुंबड उडाली आणि त्याचे वर्णन व रेखाटन जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहरापर्यंत गेले. तिथे आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने ते पाहून लाकडी ठशाचे चित्र केले. गेंडा त्याने डोळ्यांनी कधीच पाहिला नव्हता. चित्रातल्या प्राण्याच्या अंगावर पोलादी पत्रे जोडल्यासारखी कातडी आहे आणि मानेच्या मागे एक जास्तीचे छोटे शिंगही.

हे चित्र इतके गाजले, की पुढची दोनेकशे वर्षे युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणून त्याच्याच नकला छापल्या जात होत्या. चित्रातला गेंडा अजिंक्य झाला. खऱ्या गेंड्याचे नशीब तसे नव्हते. पोर्तुगालच्या राजाने तो पोप दहावा लिओ यांना भेट म्हणून रवाना केला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. गेंडा चांगला पोहतो. पण हा साखळदंडांनी जखडलेला असल्यामुळे बुडून मेला.

कातडी जाड, पण बधिर नव्हे

गेंड्याची कातडी जाड असते, यात शंका नाही. काही भागांत ती दीड ते पाच सेंटिमीटरपर्यंत भरते. पण जाड असणे वेगळे आणि काही न जाणवणे वेगळे. गेंड्याला ऊन भाजते, किडे चावतात. म्हणून तर तो तासन्‌तास चिखलात लोळतो. अंगावर वाळलेला चिखल हे त्याचे ऊन आणि माश्यांपासूनचे संरक्षण. कातडीला काहीच कळत नसते, तर एवढा खटाटोप कशाला?

हत्तीचेही तेच. त्याची कातडी पाठीवर जाड, पण कानाच्या मागे आणि डोळ्यांभोवती पातळ असते. अंगावर बसलेली माशी त्याला कळते आणि फांदी तोडून तो ती हाकलतोही. मधमाश्यांना तर हत्ती चांगलाच घाबरतो. आफ्रिकेत शेताभोवती मधमाश्यांच्या पेट्या टांगून हत्तींना दूर ठेवण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत, ते याच हळवेपणाच्या आधारावर. आफ्रिकी हत्तीच्या कातडीवरच्या बारीक भेगांचे जाळेही निरुपयोगी नाही. सपाट कातडीच्या तुलनेत त्या भेगा पाच ते दहा पट पाणी धरून ठेवतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. बहुतेक अंगावर घामाच्या ग्रंथी नसलेल्या या प्राण्याला गारवा मिळतो तो त्या ओलाव्यातून.

पाणघोडा दिसतो दांडगा, पण पाण्याबाहेर फार वेळ राहिला तर त्याची कातडी सुकून तडकू लागते. तिच्यातून पाझरणारा तांबूस द्रव उन्हापासून तिचा बचाव करतो.

थोडक्यात, या तिन्ही प्राण्यांची कातडी संकट अंगावर घेते, पण जाणीव गमावत नाही. माणसाला ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणताना नेमके उलटे म्हणायचे असते.

मराठीत किती शब्द, किती छटा?

या उलट्या अर्थासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. मात्र ते एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत.

निबर : हा शब्द मुळात मंडईतला. कोवळेपण संपून कडक झालेली भेंडी निबर. तिचे टोक कट्‌कन मोडत नाही, नुसते वाकते. काकडी निबर होते, वांगे निबर होते. तसाच माणूसही. निबर होण्यात वेळ निघून गेल्याची खूण आहे. कोणीच जन्मतः निबर नसते.

निर्ढावलेला : पहिल्यांदा चूक करताना हात थरथरतो, दहाव्यांदा थरथरत नाही. सरावाने भीड मेली, की माणूस निर्ढावतो. म्हणून ‘निर्ढावलेला गुन्हेगार’ किंवा ‘निर्ढावलेली यंत्रणा’ असे म्हणतात. हा शब्द सवयीवर बोट ठेवतो.

निगरगट्ट : याच्यावर बोलण्याचा परिणाम होत नाही आणि त्याची त्याला खंतही नसते. कितीही सुनवा, हा आपला ढिम्म.

कोडगा : हा शब्द बहुतेकदा मुलांच्या वाट्याला येतो. ‘मारून मारून कोडगा झालाय’ असे घराघरांत ऐकू येते. या वाक्यात मारणारा नामानिराळा राहतो आणि दोष मार खाणाऱ्याच्या पदरात पडतो.

या शब्दांशेजारी काही म्हणीही येतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ किंवा ‘गाढवापुढे वाचली गीता’ यांत समोरच्याला कळतच नाही. गेंड्याच्या कातडीच्या माणसाला सगळे कळते. तो फक्त हलत नाही. म्हणून पहिल्याची कीव येते आणि दुसऱ्याचा संताप.

सल्ला की आरोप?

इंग्रजीत ‘थिक-स्किन्ड’ किंवा ‘पॅकिडर्मटस’ यांना दोन बाजू आहेत. राजकारणात, नाटक-सिनेमात किंवा पत्रकारितेत उतरणाऱ्या नवख्याला ‘कातडी जाड कर’ असे आपुलकीने सांगितले जाते. सार्वजनिक जीवनातल्या बाईची कातडी गेंड्यासारखी चिवट हवी, या अर्थाचा सल्ला एलिनॉर रूझवेल्ट यांच्या नावावर आहे आणि हिलरी क्लिंटन यांनी त्याचा वारंवार उल्लेख केला आहे. तिथे गेंडा हा आधार आहे, शिवी नाही.

मराठीत आई मुलीला ‘गेंड्याची कातडी कर’ असे सांगत नाही. ती म्हणते, ‘मन घट्ट कर’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘कानाआड कर’. कारण मराठीत बोलणे कातडीला लागत नाही. ते मनाला लागते, काळजाला घरे पाडते, जिव्हारी बसते. त्यामुळे सोसण्याची ताकदही मनाचीच मानली जाते. कातडीचा उल्लेख येतो तो दोष देताना. स्वतःपुरते पाहणारा कातडीबचावू आणि कोणाचेच न ऐकणारा गेंड्याच्या कातडीचा. कृतज्ञतेने ‘माझ्या कातड्याचे जोडे केले तरी उपकार फिटणार नाहीत’ म्हणतात, तेव्हाच काय ती कातडीला चांगली जागा मिळते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. समाजमाध्यमांवर ओळखदेख नसलेल्या लोकांकडून शिव्या खाणाऱ्या मुलीला ‘थोडी थिक-स्किन्ड हो’ असे सहज सांगितले जाते. हाच सल्ला मराठीत शब्दशः सांगून पाहावा. ‘थोडी निबर हो’, ‘थोडी कोडगी हो.’ ऐकतानाच खटकते. तिला हवा असतो तो मनाचा घट्टपणा आणि सोबत शिव्या देणाऱ्याला आवर. निबरपणाची गरज तिला नसते. इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे चालत असल्यामुळे ही गल्लत होते.

दुसऱ्या टोकाला आहे सत्ता आणि खुर्ची. त्याच दाखल्यासाठी चौथ्यांदा आलेल्या म्हाताऱ्याला मान वर न करता ‘उद्या या’ सांगणारा कर्मचारी किंवा खड्ड्यांवर दरवर्षी तेच उत्तर देणारी यंत्रणा. मोर्चातले फलक ‘गेंड्याच्या कातडीचे प्रशासन’ म्हणतात ते यांनाच. इथे जाड कातडीला सोसण्याशी काही देणेघेणे नाही. दुसऱ्याचे सोसणे आपल्यापर्यंत पोहोचू नये, यासाठी ती वाढवलेली असते.

दुखणे कशासाठी असते?

जाणीव गेलेली त्वचा कणखर असते का, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर उपचार करत. या आजारात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आले, की बहुतेक जखमांचे कारण वेगळे आहे. आजारामुळे नसा बधिर होतात, दुखणे थांबते आणि मग गरम भांडे, रुतलेला खिळा, चावणारी चप्पल यांची खबरच माणसाला मिळत नाही. जखम चिघळत जाते. वेदना नसणे हीच खरी इजा ठरते. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, पण गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. मधुमेहींना डॉक्टर रोज तळपाय तपासायला सांगतात, तेही याच कारणाने.

ज्याला ‘कोडगा’ म्हटले जाते, त्या मुलाकडे या नजरेने पाहायला हवे. छडीचा परिणाम होईनासा झाला, म्हणजे मूल कणखर झाले असे नाही. दुखल्याचे दाखवून उपयोग नाही, एवढे ते शिकलेले असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कायद्याने छडीला हात घातला, ‘कोडगा’ हा शिक्का मात्र अजून तोंडोतोंडी आहे.

याउलट घट्टा पाहा. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला किंवा तबलजीच्या बोटांना घट्टे पडतात. कातडी तिथे जाड होते, पण बोटांना स्पर्श कळतच राहतो. तसा तो कळला नाही, तर तबला वाजणार नाही. सोसून आलेला घट्टपणा असा असतो.

वाक्यात कसा वापरावा?

‘पॅकिडर्मटस’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. इंग्रजीतही तो लेखात, भाषणात किंवा मिश्कील टोमण्यात शोभतो. भाषांतर करताना आधी पाहायचे, की वाक्य कौतुकाचे आहे की निषेधाचे.

‘इतकी वर्षे टीका झेलून ती पॅकिडर्मटस झाली आहे, आता अशा शेऱ्यांनी ती डगमगत नाही.’ या वाक्यात मराठी पर्याय ‘मनाने घट्ट’, ‘खंबीर’ किंवा ‘खमकी’. ‘लोक पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, तरी पॅकिडर्मटस यंत्रणा हलली नाही.’ इथे ‘निगरगट्ट’ किंवा ‘निर्ढावलेली’ हेच नेमके शब्द. आणि वाक्य खरोखर हत्तीविषयीच असेल, तर सरळ ‘जाड कातडीचा’ म्हणावे.

याच्या विरुद्ध टोकाला ‘थिन-स्किन्ड’ आहे. त्यासाठीही मराठीत दोन पर्याय ठेवावे लागतात. दुसऱ्याचे दुःख पाहून ज्याचे डोळे भरतात तो हळवा. स्वतःवर झालेला साधा विनोदही ज्याला सोसवत नाही, तो चिडखोर. एकाच व्यक्तीत दोन्ही टोके भेटल्याचीही उदाहरणे कमी नाहीत. स्वतःवरच्या व्यंगचित्राने जिव्हारी लागते, पण दारात ताटकळणाऱ्या माणसांचे काही वाटत नाही.

अशा माणसाला गेंड्याची किंवा हत्तीची उपमा देताना एवढेच ध्यानात ठेवलेले बरे, की हत्तीला पाठीवर बसलेली माशीसुद्धा कळते.